मैनाबाईचा रेचा

नांदगाव, वैशाख वद्य पंचमी, शके १७८९

प्रिय मोरू,

कचेरीत तुला मोरोपंत म्हणतात, पण तुझ्या वडिलांच्या शाळेत शेजारी बसून धूळपाटी गिरवलेल्याला तू मोरूच. 'प्रिय' सवयीने लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस.

पौषात तू साहेबाच्या अजबखान्यासाठी जुनी अवजारं गोळा करत हिंडलास आणि आईचा सरकी काढायचा रेचा 'आठ दिवसांत परत' म्हणून उचललास. तिने तो पुसून, हळदकुंकू वाहून दिला. तुझ्या मुंजीतल्या जानव्याचा कापूस याच रेच्यातून निघाला होता, हे विसरलास का रे? आता अमरावतीत वाफेचे रेचे धडधडतात, सगळं गाव कापूस तिकडेच नेतं. पण त्यात सरकी फुटते, पेरली तर उगवत नाही. गावाच्या बियाण्याची सरकी अजून आईच काढते. मृग तोंडावर आला आणि घरात रेचा नाही.

म्हणून गुरुवारी आईला घेऊन अजबखान्यात आलो. रेच्यावर तुझ्या अक्षरातली पाटी: 'कै. मैनाबाई हिचा रेचा. हे काम आता कोणी करत नाही.' आईला वाचता येत नाही. काय लिहिलंय म्हणाली, तेव्हा नुसतं 'मैनाबाईचा रेचा' एवढंच वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला खोटं वाचून दाखवलं. "पाय रे, मोरूनं माह्यं नाव लिवलं!" म्हणत तिने तुला आशीर्वाद दिला. मग मी एकटा तुझ्याकडे आलो, तर तू मान वर न करता म्हणालास की मोठ्या साहेबाला मेलेल्या कारागिरांच्याच वस्तू हव्यात, आणि मालकीण दप्तरात मयत असल्यामुळे रेचा परत देता येत नाही. लाज कशी वाटली नाही तुला? मला तर तुझा संताप येतो, अजून येतो.

काल आईला सगळं खरं सांगितलं. वाटलं, रडेल. "मेलेली बाई सोता मांगाले आली तं भेऊन देईनच थो," म्हणाली आणि कापूस निवडत बसली. सोमवारी मोठा साहेब अजबखाना पाहायला येणार आहे, हे मला ठाऊक आहे. त्याच सकाळी आमची गाडी येते. कापसाचं गाठोडं बांधून तयार आहे, आई साहेबासमोर रेच्याला बसणार. आधीच कळवतोय ते जुन्या ओळखीखातर. पाटी पुसून रेचा दारात आणून ठेवलास, तर गुपचूप घेऊन जाऊ. नाहीतर ती सरकी काढत असताना साहेबाला तूच सांग, की ही बाई मेली आहे.

सोमवारपर्यंत तरी तुझाच,
खुशालराव