पलंगपोसाची सुटी गाठ

गुलजार भाईजान,

समोवारात खारा नून चहा आहे, पातेल्यात हाकची पालेभाजी आहे. मी सोपोरला मावशीकडे जाते आहे. रुसून नाही, रुसायला समजूत काढणारं कुणी लागतं.

काल बक्षीस समितीच्या साहेबांनी तुम्हाला विचारलं, "बहीणही भरतकाम करते का?" तुम्ही म्हणालात, "छे हो! ती नुसत्या दोऱ्याच्या गुंड्या करते." मी दाराआडच होते. चौदा महिने खपून मी भरलेला पलंगपोस तुम्ही स्वतःचा म्हणून दाखवलात आणि अम्मी म्हणाली, "जाऊ दे गं, भाऊच आहे ना."

भाऊच आहात म्हणून सांगते. उद्या साहेब तुम्हाला प्रत्यक्ष भरताना बघणार आहेत. आरी, म्हणजे ती आकड्याची सुई, दात कोरायच्या काडीसारखी धरू नका. दोरा कापडाखाली, डाव्या हातात ठेवायचा आणि आरीच्या आकड्याने वर ओढायचा. समितीला पाठवलेल्या फोटोत तुम्ही दोरा वरच धरलाय. शेजारच्या कोंबड्यांनाही हसू आलं असेल.

कोपऱ्यात तुमचं नाव भरायला सांगितलं होतंत, तेही भरलंय. फक्त त्याच्या शेवटच्या टाक्याला गाठ मारलेली नाही. ती कारागिराने स्वतः मारावी. साहेबांनी सहज सुटं टोक ओढून पाहिलं, तर साखळी टाका सरसर उसवतो. काळजी नको, चिनाराची पानं मी पक्की केली आहेत. जाईल ते तुमचं नाव तेवढं.

तसलीमा