झाडूच्या मागे

१० ऑक्टोबर, गुरुवार

पोचले एकदाची! सायकलीचं खोकं, पाठीवरची पिशवी आणि मी, तिघंही धड आहोत. स्पर्धकांची सोय शाळेत केली आहे. बाकं भिंतीला सरकवून खाटा टाकल्यात. माझ्या शेजारच्या खाटेवर एक दातांची डॉक्टर आहे. ती इतकी बोलते की तिच्या खुर्चीतल्या पेशंटला तोंड उघडं ठेवण्यावाचून गत्यंतरच नसेल. मला आवडली.

सायकल जोडली. टायरमध्ये हवा जरा कमीच ठेवली, दगडांवर पकड राहते. उद्यापासून चार दिवस डोंगरातून, एकटीनं. एकट्यांच्या गटाचे नियम कडक आहेत. कुणाची मदत घ्यायची नाही, कुणाला द्यायची नाही, आपल्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला, कुणाला ओढत न्यायचं नाही. वाट दाखवायला झाडांवर, खडकांवर पिवळे बाण लावलेत. शेवटच्या स्पर्धकाच्या मागून एक जण ते काढत येतो, म्हणजे डोंगर पुन्हा होता तसा. त्याला सगळे झाडूकाका म्हणतात.

आता खरं काय ते लिहिते. माझा धाकटा भाऊ, आमचा बारक्या, गेल्या वर्षी ह्याच शर्यतीत होता. शेवटच्या दिवशी खिंडीतल्या धुक्यात हरवला. वाटेच्या बाजूला, खडकाआड त्याचा डोळा लागला असावा, असं सगळे म्हणतात. झाडूकाका बाण काढत पुढे निघून गेले आणि ह्याच्यापुढे वाटच उरली नाही. ना तो मिळाला, ना त्याची सायकल.

मला ती जागा बघायची आहे, बस्स. आई शेवटच्या दिवशी अंतिम रेषेपाशी येऊन उभी राहणार आहे. कशाला एवढी दगदग, असं म्हटलं, तर म्हणाली, एक पोर आलं नाही, दुसरं येताना मला डोळ्यांनी बघू दे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिला दिवस पार पडला. मांड्यांचे तुकडे पडलेत, पण मन ताजं आहे. सकाळी पाइनच्या जंगलातून मऊ वाट होती, मग नुसते दगड. दोनदा उतरून सायकल खांद्यावर घ्यावी लागली. डॉक्टरीणबाई पहिल्याच ओढ्यात बसल्या आणि बसल्या बसल्या स्वतःलाच हसत राहिल्या.

दुपारनंतर मागे कुणीतरी होतं. मी दोनदा बाजूला होऊन वाट दिली, पण कुणी पुढे गेलं नाही. असतात असे चिकट. मी पेडल मारायचं थांबवलं की तेही थांबवायचं, नुसती चाकाची टिकटिक ऐकू यायची. शेवटी वैतागून ओरडले, की बाबा रे, जायचं तर जा, नाहीतर लांब राहा. वळून बघितलं तर वाट रिकामी.

आज मुक्काम वनखात्याच्या लाकडी घरात आहे. सूप बेचव आहे, पण गरम आहे. आईला फोन केला. तिनं जेवलीस का विचारलं आणि मग उद्याची वाट कशी आहे ते दोनदा विचारलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज पंचांनी मला झापलं. मी चौकीवर पाणी भरत होते, तर त्यांनी माझा नंबर टिपून घेतला आणि म्हणाले, एकट्यांच्या गटात आहात ना, मग मागे कुणाला ओढत आणताय? पुन्हा तसं दिसलं तर बाद. मी म्हटलं, माझ्या मागे कुणीही नाही. त्यावर ते हसले. लाल हेल्मेट घातलेला उंच मुलगा आहे, म्हणाले, वळणावर तुमच्या चाकाला चाक लावून होता. आम्ही काय आंधळे आहोत का?

बारक्याचं हेल्मेट लाल होतं. मीच घेऊन दिलं होतं त्याला.

लाल हेल्मेटं शंभर असतात. मी स्वतःला तसं बजावलं आणि निघाले. पण मोठ्या उतारावर मागून ब्रेक केकाटला. बारक्याचा मागचा ब्रेक अस्साच केकाटायचा. मी म्हणायचे, अरे मेल्या, पॅड बदल, गल्ली जागी होते. तो म्हणायचा, असू दे ताई, तेवढंच घरी कळतं मी आलो म्हणून.

माझी पाचावर धारण बसली. आणि लाज वाटते लिहायला, मी पळाले. जिवाच्या आकांतानं सायकल हाणली. आपल्याच भावापासून.

१३ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी मुक्कामावर झाडूकाका दारात येऊन उभे राहिले. साठीचा, वाळका माणूस. मी कोण ते त्यांना ठाऊक होतं. वर्षभर मी ह्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्यात. आज समोर आले, तर ते रडत होते.

त्यांनी सांगितलं, तो हरवल्यापासून प्रत्येक शर्यतीत हेच चाललंय. मी बाण काढून पुढे जातो आणि मागे बघावं तर मातीत टायरचा ताजा ठसा. सरळ नाही, इकडे जातो, तिकडे जातो, पुन्हा मागे येतो. वाट शोधणाऱ्याचा असावा तसा. मला म्हणाले, पोरी, उद्या खिंडीतून जाऊ नकोस, घरी जा.

मी कशी जाऊ? त्याच्यापुढे बाण नाहीत, म्हणून तो माझं चाक धरून चाललाय. ताईच्या मागे, लहानपणी शाळेत जायचा तसा. अजून भीती वाटतेच. पण तो माझा आहे. उद्या त्याला आईपर्यंत नेणार. पंचांना म्हणावं, करा बाद.

१४ ऑक्टोबर, सोमवार

खिंडीच्या खाली थांबलेय. धुकं उतरलंय. डॉक्टरीण पुढे गेली, जाताना म्हणाली, भाऊ का गं तुझा, चेहरा तुझ्यासारखाच आहे. थंडीनं काळानिळा पडलाय बिचारा, जॅकेट दे त्याला.

मी अजून मागे वळून बघितलेलं नाही. बघवणार नाही.

*

खिंड. इथं तो थांबला. टिकटिक बंद. मी पुढे गेले तर येत नाही — दोनदा जाऊन परत आले. बाकी सगळे पुढे गेलेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत. बारक्या, चल की रे. आई उभी आहे.

*

आता कळलं. मागे राहून त्याची सुटका नाही. त्याला पुढे घालायला हवं, बाण अजून आहेत तोवर. मी बाजूला झाले. म्हटलं, तू हो पुढे, सोन्या, मी आहे मागे.

गेला. अगदी जवळून. पाठ चिखलानं माखलेली. थंडगार वारा आला त्याच्याबरोबर. त्यानं बघितलं नाही माझ्याकडे — घाईत होता — घरी निघालेल्या माणसासारखा. ब्रेक केकाटत खाली खाली गेला.

रडू आवरत नाही. बरं वाटतंय.

*

झाडूकाका आले. मी वाटेतच उभी, हात वर करून. हाका मारल्या. घसा फाटेस्तोवर — हाताच्या अंतरावरून गेले. माझ्या कानाजवळचा बाण काढला, पिशवीत टाकला. मागे बघितलं त्यांनी. माझ्याकडेच बघितलं. त्यांना कुणी दिसलं नाही. आता शेवटची मी, त्याच्या जागी.

बारक्या झोपला नव्हता. तोही असाच ओरडला असणार. वर्षभर आम्ही म्हणत राहिलो, झोप लागली पोराला —

*

खडक. पुन्हा तोच खडक. माझाच ठसा, इकडे, तिकडे —

खालून टाळ्या ऐकू येतात. कुणीतरी रेषेवर पोचलं. आईचा आवाज आहे. त्याचं नाव घेतेय. दिसला तिला! ओळखलं तिनं —

आता विचारेल ती त्याला. ताई कुठे म्हणून. तो मागे बघेल आणि —

आई, त्याला परत पाठवू नकोस. कितीही वाटलं तरी त्याला माझ्यासाठी परत —