उरलेल्या पोटाची चौकशी

तीर्थरूप दाजींना साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत विचारत नाही. तुम्ही 'झकास' म्हणाल आणि ताई मागून मान हलवेल. माझीही झकासच आहे. (एवढं लिहीपर्यंत तीनदा उठलो, एकदा उगाच इस्त्री तापवून बंद केली. ते सोडा.)

आपल्या दोघांच्या अल्सरची ऑपरेशनं एकाच आठवड्यात, शेजारशेजारच्या खाटांवर झाली, त्याला एकतीस वर्षं झाली. (मला डबा द्यायला आलेली ताई तुमच्याच खाटेपाशी जास्त रेंगाळायची, हे मी विसरलेलो नाही.) आता त्याच इस्पितळातून बोलावणं आलं. पोटाचा तुकडा काढलेली माणसं इतक्या वर्षांनी कशी आहेत, याचा अभ्यास चाललाय म्हणे. मी पडलो शिंपी. इतक्या वर्षांनी गिऱ्हाइकाला बोलावून शिवण तपासणारा कारागीर मला आवडला. गेलो.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई छापील कागद घेऊन बसल्या होत्या. जेवल्यावर घाम येतो? नाही. धडधडतं? छे. आडवं व्हावं लागतं? मुळीच नाही. (रोज दुपारी चार घास खाल्ले की मी कापड बेतायच्या टेबलाखाली आडवा होतो, आणि मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने मला मेलेला समजून शेजारपाजार गोळा केला, हे परक्या बाईला कशाला सांगायचं?) बाईंनी शांतपणे साखरेच्या पाण्याचा ग्लास हातात दिला. मी ऐटीत एका दमात संपवला. पंधराव्या मिनिटाला शर्ट ओलाचिंब, छातीत शिलाई मशीन सुरू आणि मी बाकावर सपाट. नाडी धरून बाई म्हणाल्या, "काका, कागदावर तुम्ही ठणठणीत आहात. मग हे आडवे कोण झालेत?"

मग मात्र सगळं कबूल केलं. (कापलेल्या पोटात खाल्लेलं टिकत नाही, भसकन आतड्यात उतरतं, म्हणून असं होतं म्हणे.) रक्त तपासलं, तर त्यात लोह नावालाच. बाईंच्या यादीत तुमच्या नावापुढे 'पत्ता लागत नाही' असं लिहिलं होतं. दाजी, जेवण झालं की तुम्हीही 'जरा पेपर वाचतो' म्हणून आत जाता आणि कडी लावता. ताईला वाटतं, तुम्हाला माणसं नकोशी होतात. सांगून टाका तिला.

हे पत्र आधी तिच्याच हाती पडलं, तर बरंच.

तुमचा मेहुणा

ता. क. तुमचा पत्ता मी बाईंना दिलाय. रागाचं पत्र लिहू नका, समक्ष येऊन रागवा.

आणखी ता. क. गुरुवारी सकाळी आलात तर बरं. माझ्या उरलेल्या पोटात दुर्बीण घालून बघणार आहेत. इतक्या वर्षांनी तिथे काही वाईटसाईट असू शकतं, असं बाई म्हणाल्या. बहुधा नसेल, असंही म्हणाल्या. पण माझ्या डोक्यात पहिलंच वाक्य घोळतंय. घरी कुणाला सांगितलेलं नाही. 'सोबत कोण येणार' या रकान्यात तुमचं नाव लिहून आलोय.