घोट्यावरचा कपडा

प्रिय आबा,

उद्या सोमवार. सरांना उत्तर द्यायचं आहे. त्याआधी तुम्हाला सांगायला हवं, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन आठ महिने होतील. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसले असते तर हेच लिहावं लागलं असतं.

शुक्रवारी सरांनी मला बोलावलं. तेच सर, ज्यांनी तुमचा पाय बघितला. नव्या सिस्टर आणि शिकाऊ डॉक्टर यांच्यासाठी ते हॉस्पिटलात वर्ग घेतात. मधुमेहाच्या पायावरच्या वर्गात त्यांना तुमचे फोटो दाखवायचे आहेत. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत प्रत्येक ड्रेसिंगला न चुकता काढलेले फोटो त्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्याच पेशंटचे नाहीत. कसे असतील? दुसऱ्या कुठल्या पेशंटची मुलगी तिथं फोटोग्राफर आहे?

"घरच्या माणसाची परवानगी हवी," सर म्हणाले. "चेहरा कुठंच नाही. तरी तुम्हाला अवघड वाटत असेल तर नको."

मग त्यांनी दुसरा फोटो मोठा करून दाखवला. "हा सोमवारचा. यात काही वाढलेलं नाही. आणि हा गुरुवारचा. मुलांना मला हेच शिकवायचंय. कधीकधी आधी काहीही न दिसता तीन दिवसांत पाय जातो."

सोमवारी सांगते, असं मी म्हणाले आणि बाहेर आले.

आधी काहीही न दिसता! आबा, दिसत होतं. मला दिसत होतं.

मी नेमकं काय काम करते, हे तुम्हाला कधी पटलं नाही. गल्लीत माझ्याबद्दल सांगायचात, "मन्ही आंडेर मोठा दवाखानामा फोटो काढस." समोरचा विचारायचा, "एक्सरे का?" तुम्ही म्हणायचात, "नही रे भो! फोटो, फोटो!" मग तो विचारायचा, आजारी माणूस फोटो कशाला काढून घेईल?  तो प्रश्न घेऊन तुम्ही घरी यायचात आणि माझ्यावर चिडायचात. "लग्नाचे काढ ना व. लोके हसतस तरी."

माझ्या कामात कोणाला हसा म्हणायचं नसतं. भाजलेला हात, टाके घातलेलं पोट, फाटलेला ओठ. मागच्या वेळी जितक्या अंतरावरून काढला तितक्याच अंतरावरून काढायचा. तोच उजेड, तोच हिरवा कपडा, शेजारी तीच छोटी मोजपट्टी. जखमेच्या वरचा सांधा फोटोत आला पाहिजे, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की आपण शरीरावर कुठं आहोत. सुंदर दाखवायचं नाही आणि भयंकरही दाखवायचं नाही. दोन फोटो शेजारी ठेवले की मधल्या दिवसांत काय झालं एवढंच कळावं. हे सगळं मी तुम्हाला एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं. तुम्ही शेवभाजीत भाकरी कुस्करत ऐकलंत आणि म्हणालात, "म्हंजे तू नही काढस. मशीन काढस."

मशीननं काढला असता तर बरं झालं असतं, असं या आठ महिन्यांत मला पुष्कळदा वाटलं.

तुमच्या पायात, बोटाच्या बुडाशी, कापडाच्या कारखान्यातल्या लूमखालचा तारेचा तुकडा घुसला होता. तेलकट फरशीवर चप्पल घसरते म्हणून तुम्ही अनवाणी चालायचात. साखरेनं पायाची जाणीव गेलेली. दोन दिवस तार पायात घेऊन चार लूम सांभाळलेत. आईनं चादरीवर डाग बघितला तेव्हा कुठं कळलं. मी पाय हातात घेतला आणि लगेच ओळखला. असे पाय मी रोज बघते. तुमच्या पायाकडे मात्र इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं.

पहिला फोटो गुरुवारी काढला. तुम्ही सकाळी आईकडून नखं कापून घेतलीत, पाय साबणानं धुतलेत, केसांना तेल लावून भांग पाडलात. पायाच्या फोटोसाठी! लूमच्या आवाजानं तुमचे कान गेलेले, त्यामुळं तुम्ही सगळं ओरडूनच बोलायचात. आमची फोटोची खोली केवढीशी. तुम्ही टेबलावर आडवे पडून ओरडलात, "पायना फोटो कसाले? तोंड काय वाईट शे मन्हं?" ड्रेसिंगची गुजराती सिस्टर हसायला लागली. तुम्हीही हसलात. पाय हलायला लागला तशी तीच तुम्हाला रागावली, "काका, हसो नहीं, पग हले छे!" त्यावर तुम्ही आणखी हसलात. मला चार वेळा फोटो घ्यावा लागला.

नंतर सिस्टरनं पायावरच्या लालीच्या कडेनं पेनानं रेघ ओढली. घोट्याच्या जरा खाली. लाली रेघेच्या पलीकडे गेली तर लगेच कळवायचं, असं तिनं आपल्या दोघांना सांगितलं. तुम्हाला ऐकू आलं नाही. मला आलं.

सोमवारी सर बारडोलीला शिबिराला गेले होते. फोटो पाठवा, बघून सांगतो, असं त्यांनी कळवलं होतं. सिस्टर ड्रेसिंगचं सामान आणायला गेली. मी तुमची पट्टी सोडली. लाली रेघेच्या पलीकडे गेलेली होती. घोटा ओलांडून दोन बोटं वर.

तुम्ही पायाकडे बघितलं नाहीत. माझ्या तोंडाकडे बघितलंत. "काय व्हयनं?"

"काही नाही."

"काही नही तं बरा दिसी असा काढ."

आणि मग, पहिल्यांदाच, हळू आवाजात बोललात. मला वाटायचं तुम्हाला हळू बोलताच येत नाही. रेल्वेखालच्या गरनाळ्याजवळच्या आपल्या ओळखीच्या त्या मुकादमाचं सांगितलंत. "आधी त्याना पायनं बोट कापं. मंग पाय. मंग मानूस गया." माझं मनगट धरलंत. "मन्हं बोट कापू नको देऊ, बाई."

आबा, मी तुमच्या नडगीवरचा हिरवा कपडा खाली ओढला. घोटा झाकला, रेघ झाकली, रेघेपलीकडचं सगळं झाकलं. मोजपट्टी बरोबर ठेवली, अंतर बरोबर, उजेड बरोबर. फोटो काढला आणि पाठवला.

मी बरीच वर्षं शिकलेलं त्या एका क्षणात विसरले असं म्हणता येत नाही. सांधा दिसला पाहिजे, हे मला माहीत होतं. गुरुवारपर्यंत उतरेल असं वाटलं म्हणून झाकलं, असं मी काही दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. मला काही वाटलंच नाही. तुम्ही म्हणालात आणि माझा हात गेला.

थोड्या वेळानं सरांचं उत्तर आलं. वाढ नाही, ड्रेसिंग चालू ठेवा, गुरुवारी बघू. शिबिरातली रांग समोर, हातात मोबाईल, आणि फोटो माझा. माझ्या फोटोत ते घोटा शोधत बसत नाहीत. सिस्टर सामान घेऊन आली तेव्हा कपडा तिथंच होता. मी तो उचलला नाही. तिनं सरांचं उत्तर वाचलं आणि कपड्याच्या कडेपर्यंत पट्टी बांधली. रेघ तिनंच ओढलेली होती. ती कपडा वर करून बघू शकली असती. बघितलं नाही, कारण आत्ताच मी बघितलं होतं.

घरी जाताना रिक्षात तुम्ही खूश होतात. रिक्षावाल्याला म्हणालात, "सांभाळी ले रे, पाय शाबूत शे आपला!"

मंगळवारी मी सांगू शकले असते. बुधवारीही. आणि तुम्ही? बुधवारी तुम्हाला ताप होता. भर दुपारी स्वेटर घालून बसलात आणि आईला म्हणालात, जरा दमलोय. आईनं कपाळाला हात लावायला घेतला तर हात झटकलात. का लपवलंत, आबा? मला कपडा ओढताना माहीत होतं की मी काय झाकते आहे. तुम्हाला तुमच्या अंगातला ताप माहीत होता. एका घरात, एका ताटाभोवती बसून आपण दोघांनी तेच केलं आणि एकमेकांना कळू दिलं नाही.

गुरुवारी मी कपडा पार गुडघ्यापर्यंत वर घेतला. सर म्हणाले, "अरे, हे कधी झालं?" मी म्हणाले, "माहीत नाही सर."

तो फोटो खरा होता. शब्द नव्हते.

पाय गुडघ्याखालून काढला. त्यानंतरचेही फोटो मीच काढले. दुसऱ्या विभागातला एकजण म्हणाला होता, मी काढतो, तुम्ही नका येऊ. मी नाही म्हटलं. अंतर मोजून, उजेड मोजून सगळे काढले. आता कुठं एवढी काटेकोर झाले होते! तिसऱ्या दिवशी तुम्ही डोळे उघडलेत, कॅमेरा बघितलात आणि म्हणालात, "एकच राहिना. आते तुन्हं काम अर्धं." मी हसले. तुम्हाला हवं होतं म्हणून हसले. मग विष रक्तात पसरलं आणि अकराव्या दिवशी तुम्ही गेलात.

आई अजून सरांना शिव्या देते. कोणी भेटायला आलं की सुरू होते. "त्या डागदरले दिसनं नही का? तीन दिन काय करी राहिंता तो?" मी चहा ठेवायला उठते. आठ महिन्यांत मी किती चहा केला असेल! आईला वाटतं मला दुःख सहन होत नाही म्हणून मी उठते.

तीन दिवस आधी कळलं असतं तर काही फरक पडला असता का? आमच्याकडच्या एका तरुण डॉक्टरला मी विचारलं, तुमचं नाव न घेता. तो म्हणाला, कदाचित नुसता पंजा गेला असता. कदाचित हेच झालं असतं. कोणी सांगू शकत नाही. तेव्हापासून मी दोन्ही उत्तरं धरून बघितली. एक धरलं तर झोप येत नाही, दुसरं धरलं तर स्वतःची चीड येते. मग ठरवलं की हे आपल्याला कधीच कळणार नाही.

पण वर्गाचं तसं नाही. तिथं पंचवीस-तीस जण बसतील. ते तुमचा दुसरा फोटो बघतील आणि शिकतील की आधी काही दिसत नाही. मग कोणाच्या तरी बापाचा पाय त्यांच्यासमोर येईल. ते घोट्याच्या वर बघणार नाहीत. पाय गेला तर म्हणतील, असं होतं कधीकधी, शिकलोय आम्ही. हे मी शिकवलेलं असेल.

परवानगी नाही म्हटलं तर विषय संपतो. सर चांगले आहेत, पुन्हा विचारणार नाहीत. दोन दिवस मी तेच उत्तर घोकत होते. नको सर, घरच्यांना आवडणार नाही. किती सोपं! तेही एक झाकणंच झालं. आणि सर तेच वाक्य फोटोशिवायही शिकवतील, कारण आता त्यांना ते स्वतः बघितल्यासारखं वाटतं.

तुम्हाला राग येईल का? तुम्ही मागितलंत ते मी दिलं, आणि आता चारचौघांत सांगत सुटले, असं वाटेल का? वाटलं तर वाटू द्या. तुम्ही घाबरला होतात. घाबरलेला माणूस मागणारच. अशा वेळी त्याच्या पोरीनं काय करायचं ते मला ठाऊक होतं. तुमचा हात मनगटावरून सोडवून घ्यायचा, तो धरून बसायचं, आणि फोटो नीट काढायचा. हात धरून बसायला मला सुचलंच नाही. मी थेट कपड्याकडे वळले. खरं सांगू? पाय गेल्यापेक्षा हेच मला जास्त लागतं.

नोकरी जाईल का, माहीत नाही. जाऊ शकते. सर ओरडतील की गप्प बसतील, तेही माहीत नाही. गप्प बसले तर जड जाईल.

आत्ता दुपारचे तीन वाजले आहेत. आई बाहेर ओट्यावर मेथी निवडते आहे. शेजारीण उठून गेली की मी तिच्यापाशी जाऊन बसणार आहे. सरांच्या आधी तिला. ती माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, याचा अंदाज बांधत नाही.

उद्या सरांना परवानगी देईन. अट एवढीच, की सगळे फोटो दाखवायचे, दुसराही दाखवायचा, आणि त्या वेळी मला उभं राहू द्यायचं. मी पडद्यापाशी जाईन. कपड्याच्या कडेवर बोट ठेवीन आणि सांगेन, याच्या वर, घोटा ओलांडून दोन बोटं, लाली होती, ती मी बघितली, आणि हा कपडा मी ओढला. पुढं कोणीही विचारलं, कोणत्याही दिवशी, तरी असंच सांगेन. तुम्ही कोण होतात हे त्यांना कळणार नाही. मी कोण आहे हे कळेल. हा शब्द देते, आबा.

तुमची,
मंगल