कोरडी चादर

१४ नोव्हेंबर, मंगळवार

चि. भिंगरीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण मीही कुरकुरते, त्यामुळे आमचं जमतं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत नवं मशीन आलंय. एका दमात साठ चादरी पिळतं, आणि सुपरवायझर आमच्यापेक्षा त्याच्याशीच गोड बोलतो. तुझ्या नवऱ्याचा खोकला गेला का? भाचीचा हलणारा दात पडला की अजून जीभ लावून लावून हलवत बसलीय?

परवा रविवारी फोनवर तू म्हणालीस, "ताई, सासूबाईंची चादर रोज भिजते गं, माझी कंबर मोडायला आलीय. तू आईची चादर कोरडी कशी ठेवायचीस? ती युक्ती सांग ना." मी म्हणाले, लिहून पाठवते. तू हसलीस. "पाककृती आहे का ती?" खरं सांगू, माझ्या तोंडून ते निघालंच नसतं. आणि निघालं असतं तर "उगाच मनाला लावून घेऊ नकोस" म्हणत तू मला मध्येच गप्प केलं असतंस. कागद मध्ये बोलत नाही.

आधी कामाचं. सासूबाईंचं लघवीचं भांडं रोज सकाळी खिडकीपाशी नेऊन उजेडात बघ. नाक मुरडू नकोस, लहानपणी तुझे लंगोट मीच बदललेत. रंग फिकट पिवळा असला की छान. कोऱ्या चहासारखा गडद व्हायला लागला, वास नाकाला झोंबायला लागला, की बहुतेक वेळा पाणी कमी पडतंय. कधी गोळ्यांनीही रंग बदलतो. बीट खाल्लं तर लालसर दिसू शकतं, त्याने लगेच हातपाय गाळू नकोस. पण पाणी देऊनही रंग उतरेना, गढूळ दिसलं, कुजका वास आला किंवा बीट न खाता लाल दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं, दिवसभर झोपून राहायला लागलं, तर "आता वयच झालं" म्हणून सोडून देऊ नकोस. तापाची वाट बघू नकोस.

हे मला कुठून कळलं, ते विचारशील. तेच सांगायचंय, आणि तेच टाळत मी पान भरलं.

आई पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली, इथपर्यंत तुला माहीत आहे. मी सकाळी सातला कामावर, दुपारी तीनला घरी, मधल्या वेळात शेजारच्या काकू. हॉस्पिटलच्या चारशे चादरी धुऊन यायचं आणि घरी आईच्या दोन. म्हणशील, चारशेंपुढे दोन म्हणजे काय! पण त्या दोन हातानेच धुवायच्या होत्या आणि आई बघत असायची. "पुन्हा झालं गं," म्हणायची, पाटी फोडून आलेल्या पोरीसारखं तोंड करून. मी तिला कधी रागावले नाही. नुसती गप्प बसायचे. ते रागावण्याहून वाईट असतं, आणि तिला ते कळायचं.

एक दिवस मी संध्याकाळी पाचनंतर तिचं पाणी बंद केलं. गोळीपुरता अर्धा कप, बस्स. हीच ती युक्ती, भिंगरे. दुसरी कुठलीही नाही.

सकाळी चादर कोरडी होती. मला एवढा आनंद झाला की मी आधी तुला फोन केला. तूही खूश झालीस, "ताई म्हणजे ताईच" म्हणालीस. मग मला त्याची चटकच लागली. दुपारचंही पाणी कमी केलं. काकूंना बजावून ठेवलं, मागितल्याशिवाय देऊ नका. पुढे पुढे आईने मागणंच सोडलं. काकूंना म्हणायची, "नको, तिला परत धुवायला लागेल."

माझं नाक तुला ठाऊक आहे. चादरींची पिशवी उघडली की कुठल्या वॉर्डातली ते मी न बघता सांगते, पोरी पैजा लावतात. त्या नाकाला घरातला वास आला नाही असं नाही. आला. आधी झोंबणारा, मग निराळाच, साचलेल्या गटारासारखा. भांड्यातला रंग गडद होत गेला, मग गढूळ झाला. मी गोळ्यांवर खापर फोडलं आणि फिनेल जास्त ओतलं. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे अंधार नव्हता. मला सगळं दिसत होतं, पण मला चादर कोरडी हवी होती.

मग आई काकूंना "मास्तरीणबाई" म्हणायला लागली, त्यांना पाढे म्हणून दाखवायला लागली. मी तुला फोनवर नक्कल करून दाखवली आणि आपण दोघी पोट धरून हसलो. तू माझ्या सांगण्यावर हसलीस. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस, तो माझा आहे आणि मी तो कुणाला वाटून देणार नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी तिला थंडी वाजून ताप भरला. आमच्याच हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने लघवीची बाटली उजेडाला धरली आणि विचारलं, "आजी पाणी किती पितात?" माझ्यामागे लाँड्रीतल्या दोघीजणी उभ्या होत्या, मदतीला म्हणून आलेल्या. मी म्हणाले, "भरपूर. बाटली उशाशीच असते." तिने ते लिहून घेतलं.

लघवीतला संसर्ग रक्तात पोहोचला होता. पाचव्या दिवशी आई गेली. पुढे एकदा मी त्या डॉक्टरला जिन्यात गाठलं आणि विचारलं, पाणी कमी पडलं तर असं होतं का हो? ती म्हणाली, "धोका वाढतो. पण तुमची आई तर भरपूर पाणी प्यायची ना?" मी हो म्हणाले. दुसऱ्यांदा.

घरी आलेला प्रत्येक जण म्हणत होता, लेकीने सेवा केली. तू तर चार लोकांत माझे हात हातात घेऊन रडलीस. मी मान खाली घालून बसले होते आणि लोकांना तो माझा साधेपणा वाटला. पाण्यामुळेच गेली असं कुणी छातीठोक सांगणार नाही, हे मलाही कळतं. पण तहान तर मीच लावली ना तिला?

तेव्हा सासूबाईंना दिवसभर घोट घोट पाणी दे. रात्री झोपण्याआधी किती द्यायचं ते डॉक्टरला विचार, आणि मी केलं तसं लपवू नकोस, काय देतेस ते खरं सांग. खाली रबरी कापड घाल. चादर भिजली तर भिजू दे, चादर धुता येते. कंबर फारच धरली तर मला बोलव, मी रजा टाकून येते.

एक राहिलं. ते गाळूनच पत्र बंद करणार होते.

ताप यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाच वाजले असतील. मी वाळलेल्या चादरीची घडी घालत होते. आईने माझा हात धरला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आई, पाणी दे ना गं."

मी म्हणाले, "मी तुझी आई नाही. लेक आहे मी तुझी."

"असू दे," ती म्हणाली. "पण देशील?"

मी म्हणाले, "सकाळी."

पत्र वाचून झालं की मला फोन करू नकोस. आधी त्यांना पाणी विचार.

तुझी,
ताई