बिस्मिल्लाखालांचा अंगठा

आदरणीय मॅडम,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. जनसंवादाच्या एम.ए.साठी केलेल्या माझ्या माहितीपटात आमच्या गल्लीतल्या, मला मावशीसारख्या असलेल्या बिस्मिल्लाखाला सांगतात की, पोटची पोरं जेवायला विचारत नाहीत. तो भाग तुम्हाला फार आवडला.

खालांना वाटलं, निराधार योजनेच्या पगाराची चौकशी चाललीय. संमतीपत्रावर अंगठाही त्यांनी त्याच समजुतीनं दिला. मला ते तेव्हाच कळलं होतं, तरी मी कॅमेरा चालू ठेवला.

शनिवारी तुम्ही तो माहितीपट आमच्या बेंबळी गावात दाखवणार आणि खालांची पोरंही बघायला येणार. खरं सांगितलं तर पदवी जाईल.

काल खालांनी हळूच विचारलं, "पगार कधी चालू व्हईल, अनिसा? आन् माझं बोलणं पोरांना कळणार न्हाय ना?"

मी म्हणाले, "न्हाय, खाला."

तुम्ही जिला धीट म्हणता ती,
अनिसा