त्रेचाळीस नंबरची सर्दी

१२ ऑगस्ट २००३, मंगळवार

आयाबाईंना काढलं!

सकाळी आठला कुलूपाचा फोन. वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक. फ्रीजपासून गच्चीपर्यंत सगळ्याला कुलूप लावतो म्हणून आत्याने त्याचं हे नाव ठेवलंय. "मॅडम, रक्ताचे रिपोर्ट आले. सार्स निघाला! आमच्या आयाबाईनेच आणला. तिचा दीर जहाजावर असतो ना."

मागच्या महिन्यात सगळ्या जगाने सुटकेचा निःश्वास सोडला, सार्स संपला म्हणून. आणि हा म्हणतो तो यांच्या जिन्यावरून वर आला! आयाबाई धरून अठरा माणसं खोकतायत. त्यातल्या नऊ जणांचं रक्त 'सार्स' म्हणतंय, आयाबाईंचंही. आश्रमाला बाहेरून कुलूप. बाई घरी, एका खोलीत कोंडलेल्या. दीर शेवटचा घरी आला तो मागच्या वर्षी! पण खापर फोडायला डोकं हवं होतं, ते मिळालं.

आत्या आत आहे. तिची उजवी बाजू लुळी. डाव्या हाताने जेवायला ती तयार नाही, आणि आयाबाई सोडून कुणाच्या हातून खात नाही. मला आईच्या जागी वाढवलं हिने, तेव्हा माझे नखरे एक दिवस चालवून घेतले नाहीत. आता स्वतः हे धंदे!

बाईंना परत आणायचं. बस.

१३ ऑगस्ट

नाकातले स्वॅब आमच्या लॅबमध्ये मीच तपासले होते, मागच्या आठवड्यात. अठराच्या अठरा. एकातही सार्स नाही! आज परत लावले. नाही म्हणजे नाही.

सर म्हणाले, "स्वॅबमधून निसटला असेल. रक्त खोटं बोलत नाही."

रक्त खोटं बोलत नाही, पण गफलत करतं ना, सर! माणसाला होणारे करोना विषाणू आजवर तीनच माहीत आहेत. दोन जुने, साध्या सर्दीचे: दोनशे एकोणतीस आणि त्रेचाळीस. चाळीस वर्षं नाकानाकातून फिरतायत, कुणी ढुंकून बघत नाही. तिसरा हा नवा, सार्स. तिघांच्या अंगाला तेच काटे, मुकुटासारखे. सूक्ष्मदर्शकाखाली कोण कुठला, मला काय, सरांनाही सांगता यायचं नाही. फरक वागण्यात. जुने दोघे बहुतेक नाकातच घुटमळतात, सार्स थेट फुप्फुसात उतरतो. आणि त्रेचाळीस सार्सच्या जवळच्या नात्यातला. त्याच्यासाठी रक्ताने तयार केलेली हत्यारं सार्सच्या चाचणीलाही चिकटू शकतात. चुलत भावाला धरून "हाच चोर" म्हणण्यातला प्रकार!

माझी खात्री आहे, हा त्रेचाळीसच. सर हसले. "सर्दीची तपासणी करायला आपल्याकडे प्रायमर तरी आहेत का?"

नाहीत. प्रायमर, म्हणजे त्या-त्या विषाणूचा माग काढणारे जनुकाचे तुकडे, मागवले. सरांची सही घेऊन, त्यांच्या टेबलासमोरून न हलता.

१४ ऑगस्ट

आत्याशी फोन. "काय खाल्लंस?" "चहा." "आणि?" "आणि परत चहा." मग खोकली, बराच वेळ. "मला काही झालेलं नाही. ती बया कुठाय ते सांग."

मी ओरडले तिच्यावर. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

१६ ऑगस्ट

पोस्टमास्तर आजोबा गेले. आत्याच्या शेजारच्या खोलीतले. मी दिसले की "तुमचं पत्र आलं नाही अजून!" म्हणायचे. न्यूमोनिया. ८९ वर्षांचे.

कुलूप फोनवर म्हणाला, "आता तरी पटलं? सर्दीने माणूस मरतो का?"

मरतो. एकोणनव्वदाव्या वर्षी मरतो. पण हे त्याला कोण सांगणार, आणि मला तरी कुठे इतकं ठामपणे माहीत होतं.

१८ ऑगस्ट

प्रायमर आले! दुपारी मशीन लावलं, चारला जेल दिव्याखाली धरलं. पट्ट्या! विषाणू असेल तिथेच पट्टी उमटते. अठरापैकी बारा जण, प्रत्येकाची पट्टी त्रेचाळीसच्या जागी, लख्ख. मी टेबलावर थाप मारली. सर धावत आले, वाटलं काही फुटलं.

मग त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

कंट्रोल. दर खेपेला निरोगी माणसाचा एक नमुना सोबत घालतो, त्यात काही दिसता कामा नये. दिसलं तर सगळी खेप बाद. आमच्याकडे कंट्रोल म्हणजे माझं नाक. वर्षानुवर्षं हेच. वेगळा निरोगी माणूस कुठून पकडून आणायचा? महिन्यातून एकदा स्वॅब घेते, फ्रीझरमध्ये ठेवते.

तिथेही पट्टी! कुठेतरी मीच सांडलवंड केली असणार. धांदरट कुठली. खेप बाद.

१९ ऑगस्ट

टेबल ब्लीचने तीनदा पुसलं. नवे हातमोजे, नव्या नळ्या, नवं पाणी. एकेक थेंब श्वास धरून टाकला.

बारा पट्ट्या. आणि कंट्रोलची.

नुसत्या पाण्याच्या नळीत काही नाही, म्हणजे सांडलवंड नाही. डोक्यात तिडीक गेली. आत्या आज फक्त दोन चमचे भात जेवली म्हणे, आणि मी इथे माझ्याच नाकाशी भांडतेय!

२० ऑगस्ट

सरांनी स्वतःचं नाक पुढे केलं. "घे. चाळीस वर्षांत शिंकलो नाही." त्यांचा रकाना स्वच्छ, कोरा. माझी तीच नळी शेजारी लावली होती. पट्टी.

नळी हातात घेऊन वरचं लेबल वाचलं. माझंच अक्षर. २६ जुलै, शनिवार.

त्या दिवशी स्टोअर साफ केलं होतं. नाक गळत होतं, सगळ्यांना सांगत होते, धूळ, धूळ. २७ ला रविवार. रविवारी मी आत्याकडे असते. तिच्या पलंगावर बसून गप्पा मारल्या. येताना पोस्टमास्तरांचा चष्मा पुसून दिला, फुंकर मारून.

आत्याला ताप आला ३० तारखेला, सगळ्यांत आधी. आयाबाईंना त्यानंतर दोन दिवसांनी.

अठरा जणांची यादी मीच केली होती. तारखा मीच भरल्या होत्या. यादीत भेटायला येणाऱ्यांचा रकानाच नव्हता.

२१ ऑगस्ट

रिपोर्ट गेला: सार्स नाही, त्रेचाळीस. सरांच्या कंट्रोलवर. सर म्हणाले, "काम झालं ना तुझं? कुलूप उघडेल. तुझ्या नळीचं कशाला उकरून काढतेस? सर्दी कुणाकडून आली याचा काय पुरावा?"

पुरावा नाही, खरंय. पण दुपारी कुलूपाचा फोन. "दार उघडतो, मॅडम. पण त्या बाईला परत घेणार नाही. सार्स नसेल, आजार तर तिनेच आणला ना? माणूस गेला आमचा."

गप्प राहिले तर आत्याला निदान मी दर रविवारी दिसेन; बोलले तर माझ्यासाठीही दार बंद. पाच मिनिटं हा हिशेब केला, लिहून ठेवते. पाचच.

२२ ऑगस्ट

पत्र दिलं. स्वतः जाऊन, हातात. तारखा, नळी, धूळ, सगळं. कुलूपाने दोनदा वाचलं. "तुम्ही? लॅबमधल्या?" हो, मी. लॅबमधली.

आयाबाई सोमवारपासून परत. मला तीन महिने प्रवेश बंद. चालेल. चालेल म्हणजे काय, चालवायचं.

पोस्टमास्तरांच्या मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बाबांना तुम्ही आवडायचात." हे ऐकण्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

२४ ऑगस्ट, रविवार

आयाबाईंच्या घरी गेले, माफी मागायला. एक खोली, दाराला अजून आरोग्य खात्याची नोटीस. मी दोन आठवड्यांचं सगळं सांगितलं. पट्ट्या, नळ्या, ब्लीच. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. थांबल्या नाहीत.

"ठाऊक आहे, ताई. त्या रविवारी तुम्ही शिंकत होतात, मी बघितलं. तुमच्या आत्याला त्यानंतरच ताप भरला. तुम्ही सगळ्यांनी माझं रक्त विचारलं, नाक विचारलं. मला कुणी विचारलंच नाही."